बागिला आपाच्या हातचा दोरा

आमच्या नणंदबाई बागिला आपा म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. हे मी पाठीमागे बोलत नाहीये. त्यांच्या तोंडावर शंभर वेळा बोलले आहे, आणि त्याचंच तर सगळं सांगायचंय.

त्यांच्या घरी गेलात की आधी फाटक दिसतं. उजवी फळी निळी, डावी गंजलेली. निळा रंग लावून पाच वर्षं झाली. डावी फळी रंगवायला घेतली आणि त्यांना आठवलं की कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिलेत. दाणे टाकायला गेल्या तर खुराड्याची जाळी फाटलेली. जाळीला तार मागायला शेजारी गेल्या तर तिथं गाय अडलेली. बाईंनी बाह्या वर केल्या, वासरू बाहेर काढलं, त्याचं नावसुद्धा ठेवलं, आणि मग चार घरी त्याची बातमी सांगत फिरल्या. रंगाचा डबा उघडाच राहून दगड झाला. घरात सात गोधड्या सुरू केलेल्या, पुरी एकही नाही. नवरासुद्धा दोनच वर्षं टिकला. बिचारा शांत माणूस होता, त्याला जेवण वेळेवर लागायचं.

टपालात लागल्या, तिथून काढलं. दूध डेअरीत लागल्या, तिथून स्वतःच निघाल्या. मग कुणीतरी त्यांना शाळेच्या बसवर बसवलं, आणि काय सांगू, ही बाई स्टिअरिंगवर वेगळीच! माळावर बर्फाचं वादळ सुटलं की आमचे पुरुष घरात बसतात. आपा मात्र लांबच्या वाड्यांवरची बावीस पोरं गोळा करून शाळेत आणून सोडतात, तीही गात गात. ज्या बाईला स्वतःच्या घराची किल्ली सापडत नाही, तिला त्या पांढऱ्या गोंधळात रस्ता बरोबर सापडतो. मला नेहमी कोडं पडायचं, हे डोकं चालतं तरी कसं?

माझ्या लेकाचा, बेकनूरचा, दोरा त्यांनीच कापला. पोर पहिलं पाऊल टाकायला लागलं की आमच्यात त्याच्या पायांत काळा-पांढरा दोरा बांधतात आणि नीट बघून निवडलेल्या माणसाकडून तो कापून घेतात. कापणाऱ्याची चाल पोराला लागते म्हणतात. माझी आई म्हणाली होती, मुख्याध्यापिकेला बोलाव, रौशन काकिमोव्नांना. मी म्हटलं, "छे! ती बाई चालते की सरकते तेच कळत नाही. मला चपळ पोर हवंय." आणि मी, मी स्वतः, बागिला आपांच्या हातात कात्री दिली. त्यांनी कचकन दोरा कापला, पोराचा हात धरला आणि धावतच सुटल्या. बेकनूर चार पावलं धावला, तोंडावर आपटला, उठला, पुन्हा धावला. पाहुणे पोट धरून हसले.

तेव्हापासून तो थांबलेलाच नाही.

दुसरीत गेला तोवर माझी हसायची हौस फिटली होती. एका हिवाळ्यात पाच टोप्या हरवल्या. वहीत दीड ओळ लिहायची आणि खिडकीशी जायचं. बाई प्रश्न विचारेपर्यंत दम नाही, उत्तर आधीच तोंडातून बाहेर, तेही भलत्याच प्रश्नाचं. आणि हाच पोरगा मुंग्यांच्या वारुळाशी तासभर पोटावर पडून राहायचा, हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. मी ओरडले, मारलं, साखर बंद केली, मौलवींकडून फुंकर घालून आणली. शेवटी रौशन काकिमोव्नांनी मला बोलावून घेतलं.

"एप्रिलमध्ये समिती बसणार आहे," त्या म्हणाल्या. "मुलाला तालदीकोर्गानच्या खास निवासी शाळेत पाठवावं असं माझं मत आहे. इथं तो इतरांना शिकू देत नाही."

तालदीकोर्गान म्हणजे नव्वद किलोमीटरवरचं शहर. आठ वर्षांचं पोर सोमवार ते शनिवार परक्या खाटेवर झोपणार.

त्याच आठवड्यात सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, त्याची फातिहा होती. चाळीस माणसं जेवायला. बेकनूर धावत आला आणि बाउर्साकची अख्खी परात उलथली, तळलेले गोळे सगळ्या ओसरीभर. आणि माझी जीभ! उचलली आणि लावली टाळ्याला. मी वळले ती सरळ बागिला आपांकडे.

"बघा! तुमच्याच हातचा दोरा! तुम्ही कापलात म्हणून माझं पोर असं झालं. स्वतःच्या संसाराचं वाटोळं केलंत ते केलंत, आता माझ्या लेकराचंही करा!"

एरवी आपा माझ्या एका वाक्याला तीन परत करतात. त्या दिवशी मात्र खाली बसल्या आणि एकेक बाउर्साक वेचत राहिल्या. मला, खरं सांगते, बरं वाटलं. पुढे महिनाभर त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मी म्हटलं, विसरल्या असतील, त्यांच्या डोक्यात काही राहतं थोडंच.

मग माझ्या मावसबहिणीनं सांगितलं की तालदीकोर्गानात मुलांच्या डोक्याची एक डॉक्टर आहे, ल्युदमिला पाक. अशा पोरांना तीच बघते. नवऱ्याला, येर्साइनला, मी म्हटलं चला. तो भडकला.

"डोक्याच्या डॉक्टरकडे? आमच्या सात पिढ्यांत वेडं कुणी झालं नाही!"

"मी पोराला नेतेय, तुमच्या सात पिढ्यांना नाही. तुम्ही बसा घरी."

पण नेणार कशी? बर्फामुळे गाड्या बंद. नाक मुठीत धरून मी आपांच्या अर्ध्या निळ्या फाटकाशी गेले. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही, कोट उलटा घातला आणि जुनी निवा जीप काढली. तीस किलोमीटरवर त्यांना आठवलं की चुलीवर दूध ठेवलंय. शेजारणीला फोन करून कुलूप तोडायला लावलं. किल्ली आपांच्याच खिशात होती म्हणा.

डॉक्टर पाक तिशीतली, बारीक, कोरियन बाई. बेकनूरला तिनं लाकडी ठोकळे दिले आणि मला प्रश्न विचारायला लागली. आपा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय हलवत बसलेल्या.

"वस्तू हरवतो का?"

"टोप्या!" कोपऱ्यातून उत्तर.

"समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या..."

"हो, आधीच बोलतो!" आपाच.

"हातातलं काम अर्धवट..."

"फाटक!"

डॉक्टरनं मान वर केली. "कसलं फाटक?"

"माझं," आपा म्हणाल्या.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आपा, शाळेत तुम्ही कशा होता?"

"मी? मी दाराशी असायचे. बाई मला दाराबाहेर उभं करायच्या ना. चौथीपर्यंतचं सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलंय." त्या हसल्या. डॉक्टर हसली नाही.

मग तिनं आम्हाला समजावलं. या आजाराला लांबलचक नाव आहे, पण गोष्ट साधी. अशा माणसाकडे लक्ष नसतं असं नाही, भरपूर असतं. फक्त लगाम हातात येत नाही. आवडीच्या वाटेवर घोडा सुसाट धावतो, नावडत्या वाटेवर जागचा हलत नाही, आणि त्यात घोडेस्वाराचा आळस नसतो की आईचा दोष नसतो. जन्माबरोबर येतं. मोठेपणी काहींचं कमी होतं, पुष्कळांचं जात नाही, फक्त पळणं पायांतून डोक्यात शिरतं. आणि घराण्यात चालत येतं. बापाकडून, आत्याकडून, आजोबाकडून.

खाण तशी माती. मला सासरे आठवले. घोड्यावर खोगीर घालायचं विसरून बाजाराला निघालेले.

"म्हणजे," आपांनी अगदी हळू विचारलं, "दोऱ्यानं नाही झालं?"

"कसला दोरा?" डॉक्टरला काही कळेना.

कळलं ते मला. आणि जे मला कळलं नव्हतं ते ठोकळे रचता रचता बेकनूरनं सांगितलं.

"आपानं माझे पाय परत बांधले होते. बसमध्ये. तोलेगेन आजोबांना कापायला सांगितलं. पण त्यांना कात्री उघडायलाच इतका वेळ लागला की मी मध्येच पळालो, तसाच, बांधलेल्या पायांनी. हे बघ, गुडघा."

तोलेगेन आजोबा म्हणजे शाळेचे पहारेकरी, आमच्या गावातला सगळ्यांत सावकाश माणूस. त्यांना चहा ओतून दिला तर प्यायला नमाजाची वेळ होते.

"रौशन काकिमोव्नांना आधी विचारलं होतं मी," आपा माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, आठ वर्षांच्या मुलाचा दोरा कापतात का, वेड लागलंय का. मग म्हटलं, तोलेगेन आजोबा. त्यांची चाल लागली तर निदान वर्गात बसेल तरी."

अगं बाई! बाउर्साकच्या त्या दिवसानंतर ही बाई महिनाभर तोंड लपवून माझ्या पोराला माझ्या शब्दातून सोडवायची धडपड करत होती. मी तिथं रडले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं काय, तर "मोजे तरी काढले होते का त्याचे?" एवढंच.

डॉक्टर आपांना म्हणाली, "तुम्हीही या एकदा. मोठ्यांनाही उपचार असतात."

"नको नको, माझं नाव लिहू नका!" आपा उठूनच उभ्या राहिल्या. आमच्याकडे सगळे म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरच्या वहीत नाव गेलं की गाडीचा परवाना जातो. आणि परवाना गेला तर आपांकडे उरतं काय? सात गोधड्या.

बेकनूरला गोळी सुरू झाली. पण डॉक्टरनं बजावलं, नुसत्या गोळीवर बसू नका. कामाचे लहान तुकडे करा, एका वेळी एकच सांगा, आणि त्याला हलू द्या, हलण्यानंच त्याचं डोकं जागं राहतं. हे शेवटचं मला काही पटेना. आपांना मात्र ताबडतोब पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोराला लोणी काढायच्या उंच लाकडी पिंपाशी उभं केलं.

"मार दांडा. एका दणक्याला एक. सात एके?"

"सात!"

"सात दुणे?"

मी चुलीशी उभी राहून कपाळावर हात मारत होते. पंधरा दिवसांत सात, आठ आणि नऊचा पाढा पाठ झाला आणि लोणीही निघालं. मग मीही नादी लागले. चालताना धडा वाचून बघितला, जमलं. बसून वाचला, नाही जमलं. मेंढीच्या लोकरीचा गोळा हातात मळायला दिला, जमलं. रोज काहीतरी नवं करून बघायचं आणि दोघींनी फोनवर एकमेकींना कळवायचं. इतक्या वर्षांत नणंदेशी माझं भांडणापलीकडे एवढं बोलणं झालं नव्हतं.

एप्रिल आला. समिती शाळेतच बसली. मधोमध रौशन काकिमोव्ना, शेजारी तालदीकोर्गानहून आलेला चष्मेवाला साहेब आणि आणखी दोघी. डॉक्टरचं पत्र टेबलावर. येर्साइन टोपी हातात घेऊन बसला, मी त्याच्याजवळ. आपा दाराशी उभ्या. आम्हाला त्यांनीच बसमधून आणलं होतं.

रौशन काकिमोव्नांनी पत्र दोन बोटांनी सरकवलं. "हल्ली खोडकरपणालाही आजार म्हणतात. माझ्या मते संस्काराचा प्रश्न आहे. आई लाडावते."

"पत्रात लिहिलंय की हे घराण्यात असतं," साहेब म्हणाला. मग येर्साइनकडे वळला. "तुमच्याकडे कुणी होतं असं?"

सगळं त्या उत्तरावर येऊन थांबलं. होतं म्हटलं तर पोराचा आजार खरा, आणि औषधाला वेळ द्यावा लागणार. नव्हतं म्हटलं तर आई लाडावते, आणि पोराची पेटी भरायची.

येर्साइन टोपीकडे बघत म्हणाला, "नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी नाही."

मी त्याला कोपरानं ढोसलं. तो दगड. रौशन काकिमोव्ना लिहायला लागल्या.

"आहे की," दाराकडून आवाज आला. "मी आहे."

"आपा, बसा," येर्साइन खालच्या आवाजात म्हणाला. "परवाना जाईल."

"तू गप रे. बाबा खोगिराशिवाय बाजाराला जायचे, तेव्हा तू काय पाळण्यात होतास? हसायचास ना सगळ्यांत मोठ्यानं!" आपा टेबलापर्यंत आल्या. "लिहा, साहेब. नाव बागिला. मुलाची सख्खी आत्या. डॉक्टरनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर हो आहे."

रौशन काकिमोव्नांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं झालं बोललात. मग अशी मुलं मोठी होऊन काय होतात, तेही तुम्हीच सांगा समितीला."

काय बाई तरी! मी उठणारच होते. पण आपा चिडल्या नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला.

"माझ्यासारखी होतात," त्या म्हणाल्या. "नवरा टिकत नाही. सगळे हसतात. मग आपणच आधी हसायला शिकतो. पण रौशन काकिमोव्ना, अकरा वर्षं तुमच्या शाळेची पोरं मी बर्फातून आणतेय, एक तरी हरवलं? मला कुणी धरून विचारलं नाही की पोरी, तुला होतं काय. दाराबाहेर उभी केली. याला आत ठेवा. बसवूच नका हवं तर, मागच्या भिंतीशी उभा राहू दे, पण आत."

साहेबानं बेकनूरला बोलावलं. तो टेबलाभोवती फिरत फिरत नऊचा पाढा म्हणाला. शेवटाकडे चुकला, परत गेला, स्वतःच दुरुस्त केला. साहेबानं दुसऱ्या दोघींकडे पाहिलं आणि लिहिलं: एक वर्ष इथंच, औषध चालू, वर्गात उभं राहायची मुभा. रौशन काकिमोव्नांनी सही केली. मन नव्हतं, पण केली.

तिसऱ्या दिवशी आपांचा परवाना तपासणीसाठी मागवून घेतला. कुणी कळवलं, ते गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. शेजारच्या गावचा एक चालक लावला, तो वसंतातल्या चिखलात लांबच्या वाड्यांपर्यंत जायला नकार द्यायचा. पोरं रस्त्यापर्यंत चालत यायची, आणि आपा त्यांना घ्यायला पायी जायच्या, पगार नसताना. मी येर्साइनला तीन दिवस जेवण वाढलं, पण बोलले नाही. चौथ्या दिवशी तोच निवा चालवून बहिणीला डॉक्टरकडे घेऊन गेला.

नाव वहीत गेलंच होतं, आता लपवायचं काय. डॉक्टर पाकनं दोनदा तपासलं, गोळ्या दिल्या, सांगितलं की लगेच फरक दिसणार नाही, महिना-दोन महिने कळ काढा. परवान्यासाठी कागदही दिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला दोन महिने गेले, पण परवाना आला.

आला त्याच आठवड्यात, जुलैमध्ये, आपा सकाळी आमच्याकडे आल्या. अंगणात गालिच्यावर बसल्या. मी दुधाचा चहा ओतला. या बाईनं पियाला रिकामा केलेला मी कधी पाहिला नव्हता, दोन घोट घेऊन उठायच्याच. त्या दिवशी त्यांनी चहा पूर्ण प्यायला. मी पुन्हा ओतला, तोही प्यायला. नुसत्या बसल्या होत्या, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत. मला भीतीच वाटली.

"आपा, बरं नाही का?"

"बरं आहे." मग पियाला खाली ठेवून, "कुंदीज, एक विचारू? आठवडा झाला, डोक्यात एका वेळी एकच विचार येतो. तो पुरा होतो, मग दुसरा येतो. तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात रोज असंच असतं? इतकं शांत?"

असा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. "असतं बहुतेक. हो, असतं."

त्यांनी मान हलवली, माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मग इतक्या शांत डोक्यानं तू मला ते सगळं बोलायचीस?"

रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.